उघड्या होडीचा पक्ष

नर्मदेच्या काठी राहून होडीविषयी वाद घालावा लागेल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या हिवाळ्यात तो प्रसंग आला. जबलपुरात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या काही मराठी कुटुंबांनी मुलांच्या सुटीतील शिबिरासाठी वर्गणी जमविली व चार होड्या घ्यावयाचे ठरविले. हे काम ज्या मंडळाकडे सोपविले, त्याने अर्ध्या तासाच्या बैठकीत चारही कयाक घ्याव्यात असा ठराव करून टाकला. कॅनोचे नाव निघताच एक गृहस्थ हसून म्हणाले, ‘ती जुनी, संथ वस्तू. तिला आता कोण विचारतो?’ ठराव संमत झाला आहे; पैसे मात्र अद्याप दिलेले नाहीत. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. कयाक आणि कॅनो या दोन्ही होड्यांत वल्हे काठाला अडकविलेले नसते, ते हातात मोकळे असते. आणि वल्हविणारा ज्या दिशेस जावयाचे त्या दिशेस तोंड करून बसतो. येथवर दोघी सख्ख्या बहिणी. पुढे मात्र वाटा फुटतात. कयाक ही उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती वरूनही झाकलेली असे, कारण तेथील बर्फगार पाणी आत येणे म्हणजे मृत्यूच. तिच्या पोकळीत पाय लांब करून बसावयाचे आणि दोन्ही टोकांस पाती असलेले वल्हे आळीपाळीने डावी-उजवीकडे मारावयाचे. कॅनो हे नाव कॅरिबियन बेटांवरील रहिवाशांच्या बोलीतून स्पॅनिशमार्गे युरोपात गेले. ती उघडी होडी. कोठे झाडाचे खोड कोरून केलेली, तर कोठे भूर्जाच्या सालीची. तिच्यात गुडघे टेकून किंवा उंच बैठकीवर बसावयाचे आणि एकाच पात्याचे वल्हे चालवावयाचे. दोन्ही होड्या गरजेतून जन्मल्या. तेव्हा खरा प्रश्न ‘कोणती नवी?’ हा नसून ‘आपली गरज कोणती?’ हा आहे.

प्रतिपक्षाचा पहिला मुद्दा वेगाचा. तो आम्ही निमूटपणे मान्य करतो. दोन पात्यांच्या वल्ह्यात हात एका बाजूने वर येत असता दुसऱ्या बाजूचे पाते पाण्यात उतरलेले असते. श्रम वाया जात नाही. शर्यतीच्या कयाकला पायांनी फिरविता येणारे सुकाणूही असते. कॅनोला ते नसते. तेव्हा समान अंतरावर कयाक पुढे जाणार, यात नवल नाही. पण वेगावरून कॅनोस टाकाऊ ठरविणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की, आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळातील पदक भारतास प्रथम मिळाले ते 1994 साली हिरोशिमा येथे, आणि त्यानंतर मिळाले ते 2023 साली हांगझौ येथे. दोन्ही वेळा कांस्यपदक, दोन्ही वेळा अंतर 1000 मीटर आणि दोन्ही वेळा होडी दोघांची कॅनो. जिला कोणी विचारीत नाही म्हणतात, तिनेच देशाची लाज राखली आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. येथेही आम्ही आंधळा कैवार घेणार नाही. बरगीच्या जलाशयावर दुपारी वारा सुटला की कॅनोचे उंच काठ तो वारा शिडासारखा धरतात आणि होडी भलतीकडे जाते. उसळत्या पाण्यात तर झाकलेली कयाकच बरी. पण आपली मुले काही उसळत्या पाण्यात जाणार नाहीत. ती हिवाळ्याच्या सकाळी, काठालगतच्या स्थिर पाण्यात शिकणार आहेत. तेथे कॅनो उलटली तर मूल सरळ बाहेर पडते आणि अंगातील तरंगजाकिटाच्या आधाराने वर राहते. कयाकच्या पोकळीत कमरेपर्यंत बसलेल्या नवशिक्या मुलास मात्र उलटल्यावर पाण्याखालीच पाय सोडवून घ्यावे लागतात. ते शिकता येते, शिकवावेही. परंतु पाण्याची पहिली ओळख अशी व्हावी काय?

तिसरा आक्षेप असा की, कॅनो शिकावयास कठीण. एका बाजूस वल्हे मारले की होडी दुसऱ्या बाजूस वळते, आणि बिचारे मूल गोल गोल फिरत राहते. खरे आहे, म्हणूनच तर ती शिकवावी! वल्हे मागे नेताना अखेरीस पाते किंचित फिरवून पाणी बाहेर लोटले, की वळू पाहणारी होडी पुन्हा सरळ होते. हे मनगटाचे काम आहे. ते दंडाच्या बळाने साधत नाही. प्रत्येक फटक्यात आपली चूक आपणच दुरुस्त करावयाची, ही सवय लागली म्हणजे त्या मुलास पाणी कळू लागले असे समजावे. ज्यांना कॅनो कयाकपेक्षा प्रिय असते, त्यांच्या आवडीचे मर्म बहुधा येथेच असते. होडी आपणहून सरळ जात नाही. ती सरळ नेण्यातच त्यांचा आनंद आहे.

चौथा आक्षेप हलक्या आवाजात घेतला गेला, म्हणून आम्ही तो मोठ्याने सांगतो. ‘मुलींना हे गुडघे टेकून बसणे झेपणार नाही.’ असेच विचार जगाच्या क्रीडाधुरीणांनीही दीर्घकाळ कवटाळले होते. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी कयाकची शर्यत 1948 पासून आहे. कॅनोची शर्यत त्यांना मिळाली ती 2021 साली झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत. त्र्याहत्तर वर्षे दार बंद होते; ते उघडताच स्त्रिया आत आल्या आणि आक्षेप हवेत विरला. त्याच वर्षी त्याच टोकियोत, अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ग्वाल्हेरची प्राची यादव अंतिम फेरीत पोहोचली. तिचा सराव आपल्या याच राज्यात, भोपाळच्या तलावावर झालेला. तिची होडी एका बाजूस तरंगता दांडा लावलेली, म्हणजे आपल्या कोकणी मनुष्याने पाहताच ‘ही तर उलांडीची होडी’ म्हणावे अशी; आणि हातात एकाच पात्याचे वल्हे. पुढे 2023 साली झालेल्या अपंगांच्या आशियाई स्पर्धेत तिने कयाकमध्ये सुवर्णपदक व या उलांडीच्या होडीत रौप्यपदक मिळविले. दोन्ही होड्यांवर सारखे प्रेम करता येते, याचा याहून चांगला दाखला आम्ही काय द्यावा?

आता आमचा मुख्य मुद्दा. कयाकमध्ये बसलेल्या मुलास शिकविणारा त्या होडीच्या बाहेर असतो. कॅनोत तो त्याच्या पाठीशी बसतो. दोन जागांची कयाक असते, हे आम्ही जाणतो. पण तेथेही प्रत्येकास आपापली पोकळी. कॅनोच्या मधल्या जागेत सहा वर्षांचे पोर बसते, डब्याची पिशवी बसते, आजोबाही बसतात. आमच्यापैकी एकाचे वडील सत्तरी उलटल्यावर पुण्याहून येथे राहावयास आले. भाड्याने आणलेल्या कयाकमध्ये त्यांचे गुडघे काही केल्या शिरेनात. ‘तुम्ही जा, मी काठावर बसतो,’ असे म्हणून ते हसले. पण ते हसू आम्हांस आजही बोचते. पुढच्या खेपेस कॅनो मिळाली. तिच्यात मध्यभागी ते बसले, पुढे नातू, मागे मुलगा. आणि तासाभराने उतरताना त्यांनी पुन्हा केव्हा यावयाचे हे विचारले.

बदलीच्या नोकरीत आपण काय काय सोडून येतो, हे या अंकाच्या वाचकांस सांगावयास नको. वसाहतीतील घर बंद, मोटार बंद, मुलांच्या डोळ्यांपुढचा पडदाही बंदच. शेजारी तीन वर्षांसाठी, शाळा तीन वर्षांसाठी. अशा मुलांना आपण नदीवर नेतो आणि तेथेही प्रत्येकास एकेका झाकलेल्या पोकळीत बसवून चार दिशांस सोडून देतो! मग दोघांनी एका तालात वल्हे मारणे, बळकटाने दुर्बलासाठी हात आवरणे, पुढच्याने मागच्यावर विश्वास टाकणे, हे त्यांनी शिकावे कोठे?

आणि ज्या मुलखाचे अन्न आपण खातो, त्याच्याकडेही जरा पाहू. जबलपूर-सिहोऱ्याच्या तळ्यांत लहानशा उघड्या डोंगीत बसून शिंगाडे तोडतात. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून प्रवाशांस नेणारी नाव उघडीच असते. 1990 साली पुरे झालेल्या बरगीच्या धरणाने 162 गावांना झळ पोहोचविली. ज्यांची शेते बुडाली, त्यांतील कितीतरी जण त्याच पाण्यात जाळे टाकून जगू लागले. जाळे आणि मासळी झाकलेल्या होडीत मावत नाही. उद्या एखाद्या केवटाच्या मुलास आपल्या शिबिरात बोलाविले, तर कॅनोच्या मागच्या बैठकीवर बसून तो आपल्या मुलांस पहिल्याच दिवशी चार गोष्टी शिकवील.

आमची मागणी अवास्तव नाही. चारांपैकी दोन कयाक खुशाल घ्याव्यात. ज्यांस वेग हवा, त्यांनी त्या पळवाव्यात. उरलेल्या दोन कॅनो असाव्यात. मंडळाने पैसे देण्यापूर्वी पुन्हा एकदा बैठक बोलवावी, आणि ती शक्य तर नदीकाठी घ्यावी. येताना सभासदांनी आपापले वडील व धाकटे मूल बरोबर आणावे. दोन्ही होड्या काठाला लावून ठेवाव्यात आणि कोण कोणत्या होडीत बसू शकते ते पाहून मग मत द्यावे. तो निकाल आम्हांस मान्य असेल.