फायर अलार्म बसवलाय, पण तो शेवटचा कधी वाजवून पाहिला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये सोळा दिवसांच्या अंतरानं दोन आगी लागल्या. १० नोव्हेंबरला सांगली जिल्ह्यातल्या विट्यात भांड्यांच्या दुकानाला आग लागली आणि दुकानाच्या वर राहणाऱ्या कुटुंबातल्या चौघांचा जीव गेला. २६ नोव्हेंबरला हाँगकाँगच्या ताय पो भागातली वांग फुक कोर्ट ही वसाहत पेटली. आठपैकी सात टॉवर आगीत सापडले आणि दीडशेहून जास्त माणसं गेली.

विट्याची बातमी दोन दिवस चालली. हाँगकाँगची जगभर चालली. तिथल्या दुरुस्तीसाठी बांधलेली बांबूची परांची, त्यावरची जाळी, खिडक्यांवर लावलेला फोम, कंत्राटदारांची अटक, सगळ्यावर भरपूर लिहून आलं. त्या गर्दीत एक तपशील मागे पडला. आगीनंतर तिथल्या अग्निशमन विभागानं वसाहतीतल्या अलार्मची तपासणी केली, तेव्हा आठही इमारतींमधले अलार्म नीट काम करत नसल्याचं समोर आलं. रहिवासीही तेच सांगत होते. अलार्म ऐकू आलाच नाही. कुणाला शेजाऱ्यानं दार ठोठावून उठवलं, कुणाला फोन आला म्हणून कळलं.

हाँगकाँगमध्ये अशा यंत्रणेची वर्षातून एकदा नोंदणीकृत कंत्राटदाराकडून तपासणी करून घेणं सक्तीचं आहे. म्हणजे नियम होता, यंत्र होतं, फक्त आवाज नव्हता.

आता हाच प्रश्न आपल्याकडे विचारून बघू.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की, आगीची यंत्रणा बसवायची आणि ती चालू ठेवायची ही जबाबदारी इमारतीचा मालक किंवा वापर करणारे यांच्यावर आहे. सोसायटी झाली असेल तर सोसायटीवर. अग्निशमन दलावर नाही.

यंत्रणा चालू आहे हे दाखवायचं कसं? त्यासाठी ‘फॉर्म बी’ आहे. सरकारचा परवाना असलेल्या एजन्सीनं इमारतीतली यंत्रणा तपासायची, ती चालू स्थितीत आहे असं प्रमाणपत्र द्यायचं आणि ते मालकानं किंवा सोसायटीनं अग्निशमन अधिकाऱ्याकडे जमा करायचं. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये.

कागदावर ही पद्धत चांगलीच आहे. अडचण तिच्या रचनेत आहे. प्रमाणपत्र देणारी एजन्सी सोसायटीनंच निवडलेली असते आणि तिचे पैसेही सोसायटीच देते. बऱ्याचदा देखभालीचं वार्षिक कंत्राटही त्याच एजन्सीकडे असतं. म्हणजे वर्षभर ज्यानं देखभाल करायची, त्यानंच जानेवारीत स्वतःच्या कामाला गुण द्यायचे. सगळ्याच एजन्सी खोटं लिहितात असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण तपासणीच्या दिवशी अलार्म खरंच वाजवला की नाही, हे त्या इमारतीत राहणाऱ्या माणसाला कळायला काही मार्ग नसतो. जर शंभर घरांच्या इमारतीत कुणालाच आवाज आल्याचं आठवत नसेल, तर कशाची चाचणी झाली?

परळमध्ये काय झालं होतं?

२२ ऑगस्ट २०१८. बकरी ईदची सकाळ. मुंबईत परळच्या हिंदमाता भागातल्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली. धूर जिन्यातून वर चढला. चार जणांचा मृत्यू झाला, अनेकांना शिडीच्या गाडीतून खाली उतरवावं लागलं. इमारतीतली अंतर्गत अग्निशमन यंत्रणा चालू नव्हती, असं अग्निशमन दलानं तेव्हा सांगितलं. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रही नव्हतं आणि तरी लोक तिथे राहत होते.

याच आगीतली एक गोष्ट मात्र वेगळी आहे. इमारतीतल्या दहा वर्षांच्या एका मुलीला शाळेत शिकवलेलं आठवलं. तिनं सुती कपड्यांचे तुकडे पाण्यात भिजवले आणि सगळ्यांना ते नाकातोंडावर धरून श्वास घ्यायला सांगितलं. पुढे तिला राष्ट्रीय पातळीवरचा शौर्य पुरस्कार मिळाला. तिचं कौतुक झालं ते योग्यच. पण त्या सकाळी इमारतीतलं लाखो रुपयांचं साहित्य कामाला आलं नाही आणि शाळेतला एक सराव आला, याकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

गोरेगावची आग याहून साधी आणि म्हणून जास्त भीतीदायक. ६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे तीनच्या सुमारास जय भवानी इमारतीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये कपड्यांचे गठ्ठे पेटले. सात जण गेले. पार्किंगमध्ये आग, घरात माणसं गाढ झोपेत आणि मधला जिना म्हणजे धुराला मिळालेलं धुराडं. अशा वेळी माणसाला आग दिसत नाही, वासही येत नाही. झोपेत नाक जवळजवळ बंदच असतं, कान तेवढे थोडेफार जागे असतात. अलार्मची खरी गरज त्या पाच-सात मिनिटांसाठी असते.

मग चाचणी म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी यंत्रणा समजून घेऊ. छतावरची पांढरी वाटी म्हणजे डिटेक्टर, धूर किंवा उष्णता ओळखणारा. जिन्याजवळची लाल डबी, जिच्यावर ‘काच फोडा’ किंवा ‘दाबा’ असं लिहिलेलं असतं, ती माणसानं स्वतः इशारा द्यायची सोय. आवाज करतो तो हूटर. आणि या सगळ्याचा मेंदू म्हणजे तळमजल्यावर वॉचमनच्या खोलीत किंवा लॉबीत लावलेलं पॅनेल. वीज गेली तर ते चालावं म्हणून आत बॅटऱ्या असतात.

इमारत किती उंच आणि कशासाठी वापरली जाते, यावर यातलं काय काय सक्तीचं ते ठरतं. राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत ‘उंच इमारत’ धरली आहे. उंची वाढत जाते तशी साहित्याची यादी वाढते. सांगली, मिरज, कराडमध्ये आता सात-आठ मजली सोसायट्या नवलाच्या राहिलेल्या नाहीत, त्यामुळे हा विषय मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही.

पॅनेलवर हिरवा दिवा असला की सगळं ठीक, असा समज असतो. तो दिवा साधारणपणे एवढंच सांगतो की वीज सुरू आहे. पिवळा दिवा बिघाडाचा. तो महिनोन्‌महिने पेटलेला असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची सवय होऊन जाते. सोसायटीत पॅनेल असेल तर आज खाली उतरून तेवढं बघाच.

खरी चाचणी लाल डबीपासून सुरू होते. एका मजल्यावरची डबी किल्लीनं चालू करायची आणि मग पळापळ करून चार गोष्टी बघायच्या. पॅनेलवर तोच मजला दिसतोय का? सातव्या मजल्यावर बटण दाबलं आणि पॅनेल चौथा दाखवत असेल तर वॉचमन आणि बंबवाले दोघंही चुकीच्या मजल्यावर जातील. हूटर सगळ्या मजल्यांवर वाजतो का? बेडरूमचं दार लावून, पंखा सुरू ठेवून तो ऐकू येतो का? ब्रिटनच्या मानकात झोपलेल्या माणसाच्या उशीपाशी ७५ डेसिबल आवाज पोचावा असं धरतात, कारण लॉबीत कानठळ्या बसवणारा हूटर बंद दारांपलीकडे मिक्सरएवढाही उरत नाही. आणि चौथं, जिथे लिफ्टची जोडणी अलार्मशी केली आहे, तिथे लिफ्ट आपोआप तळमजल्यावर येऊन थांबते का?

डिटेक्टरची तपासणी वेगळी. त्यासाठी खास स्प्रे मिळतो, त्याचा फवारा धुरासारखं काम करतो. उदबत्ती किंवा पेटता कागद धरून डिटेक्टर तपासू नये. काजळी आत बसते आणि चांगला डिटेक्टर खराब होतो. शेवटी वीज बंद करून फक्त बॅटरीवर सगळं पुन्हा वाजवायचं. ही पायरी हमखास गाळली जाते. आग शॉर्टसर्किटची असली की वीज पहिल्यांदा जाते, तरीही.

अलार्मसोबत पंपही बघावा लागतो. कुंडलच्या शेजारी किर्लोस्करवाडीत पंप बनतात आणि देशभर जातात, त्यामुळे या भागातल्या माणसाला पंप काही शिकवायला नको. पंप कितीही दणकट असला तरी त्याचं बटण ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर सरकवून ठेवलं असेल, तर नळीत पाणी आपोआप येणार नाही. वीजबिल वाचवायला किंवा गळतीचा त्रास नको म्हणून ते बटण सरकवलं जातं आणि नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

ब्रिटनमध्ये मोठ्या इमारतींत हे दर आठवड्याला करतात. ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि दर वेळी वेगळी लाल डबी. एका वेळी एकच, मिनिटभर. त्यामुळे आळीपाळीनं सगळ्या डब्या तपासून होतात आणि लोकांच्या कानाला तो आवाज ओळखीचा होतो.

आपल्याकडे हे का होत नाही?

पैसे हे एक कारण आहेच, पण तेच मुख्य आहे असं वाटत नाही. लाल डबी दाबायला काही खर्च येत नाही. मुख्य कारण म्हणजे खोटे अलार्म. पावसाळ्यातला दमटपणा, डिटेक्टरमध्ये शिरलेला किडा, लॉबीत आलेला मिरचीच्या फोडणीचा ठसका, गणपतीतला धूप, कशानंही तो वाजतो. दोन-तीनदा रात्री-बेरात्री वाजला की लोक वॉचमनवर ओरडतात. तो मग आवाज बंद करायचं बटण दाबायला शिकतो. पुढची पायरी म्हणजे तो भागच पॅनेलमधून तोडून ठेवायचा. खोटा अलार्म हाही एक बिघाडच आहे, त्यावर उपाय डिटेक्टर साफ करणं किंवा जागा बदलणं हा आहे. पण तोडून ठेवणं फुकट आणि लगेच होतं.

दुसरं कारण, घाबरवायचं कशाला ही भावना. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा लाखो मोबाइल एकदम कर्कश वाजले होते. पडद्यावर ‘ही चाचणी आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं असूनही बरेच जण दचकले. सोसायटीतही तसंच होणार. म्हणून आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज, लिफ्टमध्ये कागद आणि आजारी किंवा वयस्कर माणसांच्या घरी जाऊन सांगणं हे चाचणीचाच भाग समजायला हवं.

भोंगा कसा वाजवावा, हे एका गावाला माहीत आहे

कुंडल पलूस तालुक्यात. शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा, मग बंदी संपली. देशभरातल्या माध्यमांनी त्याची दखल घेतली ती मोबाइलच्या व्यसनावरचा उतारा म्हणून.

त्या भोंग्याकडे आगीच्या अलार्मसारखं पाहिलं तर वेगळंच दिसतं. रोज वाजत असल्यानं तो बिघडला तर त्याच दिवशी कळतं. कुठल्या वस्तीत ऐकू जात नाही, ते कळतं. आणि वाजल्यावर काय करायचं हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. आठ मजली सोसायटीत अलार्म वाजला तर काय करायचं, असं विचारून पाहा. निम्मे लोक गॅलरीत येऊन ‘काय झालं?’ असं खाली विचारतील, उरलेले लिफ्टचं बटण दाबतील.

जानेवारी आणि जुलै हे दोन महिने यासाठी सोयीचे आहेत. फॉर्म बीसाठी एजन्सीचा माणूस येणारच असतो. तो रविवारी सकाळी बोलवावा, आधी सांगून अलार्म सगळ्यांसमोर वाजवायला लावावा आणि लोकांनी जिन्यानं खाली उतरून ठरलेल्या जागी उभं राहावं. किती मिनिटं लागली ते वहीत लिहावं. जिन्यात ठेवलेले चपलांचे रॅक, सायकली आणि जुनी कपाटं त्याच दिवशी नडतात, आणि तेव्हा नडलेली बरी.

विट्यासारख्या इमारतींचं काय?

खाली दुकान, वर घर. विट्यात, पलूसमध्ये, कुंडलच्या बाजारपेठेत, सगळीकडे हेच बांधकाम. दोन-तीन मजले असल्यानं ते ‘उंच इमारत’ या व्याख्येत बसत नाही. सोसायटी नाही, कमिटी नाही, पॅनेल नाही. रात्री शटर आतून-बाहेरून बंद, जिना एकच आणि तोही दुकानाला खेटून. गावात स्वतःचं अग्निशमन केंद्र नसेल तर जवळच्या नगरपालिकेचा किंवा साखर कारखान्याचा बंब येईपर्यंत थांबावं लागतं. आग वेळेत कळण्याची सगळ्यात जास्त गरज इथे आहे आणि कायद्याचा दट्ट्या सगळ्यात ढिला इथेच आहे.

या घरांसाठी बॅटरीवर चालणारे छोटे स्मोक अलार्म मिळतात. ते एकमेकांना बिनतारी जोडलेले घ्यावेत, कारण दुकानातला डिटेक्टर दुकानात वाजून उपयोग नाही, तो वर झोपायच्या खोलीत वाजला पाहिजे. त्यावर एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा एकानं दुकानात ते दाबायचं आणि दुसऱ्यानं वरच्या मजल्यावर, दार लावून, पंखा सुरू ठेवून, आवाज येतो का ते ऐकायचं.