आंकड्यांचें शिवार

नांदगांव खंडेश्वर तालुक्याच्या काळ्या जमिनीवर भाद्रपदांत सोयाबीन, कपाशी व तूर हीं पिकें उभीं असतात, आणि सुमारें ७८६ किलोमीटर उंचीवरून युरोपीय अंतराळसंस्थेचे 'सेंटिनेल-२' उपग्रह त्यांचीं चित्रें घेत असतात. सूज्ञ वाचक म्हणतील, छायाचित्र तें छायाचित्र. त्यांत नवल काय? नवल हें कीं, उपग्रह खालीं पाठवितो तें चित्र नव्हेच. तें आंकड्यांचें कोष्टक होय. जमिनीचे दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असे चौकोन कल्पावे, आणि प्रत्येकावरून किती प्रकाश परत आला तो आंकडा त्याच्या घरांत मांडावा. एका तुकड्यांत १०,९८० ओळी व तितकेच स्तंभ, म्हणजे बारा कोटींहून अधिक घरें; आणि निळा, हिरवा, तांबडा व जवळचा अवरक्त ह्या प्रत्येक प्रकाशाचें कोष्टक निराळें.

हिरवें पान तांबडा प्रकाश आपल्या अन्नासाठीं शोषून घेतें आणि डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश बहुतांशीं परत फेकतें. म्हणून अवरक्तांतून तांबडा वजा करून, त्या वजाबाकीस दोहोंच्या बेरजेनें भागिलें असतां पिकाचा जोम कळतो. चार घरांत अवरक्ताचे आंकडे ४०, ४२, ३८, २० आणि तांबड्याचे ८, ७, ९, १५ असे असतील तर उत्तरें ०.६७, ०.७१, ०.६२ व ०.१४ येतात. पहिलीं तीन घरें भरल्या पिकाचीं. चौथ्यांत पीक विरळ आहे किंवा उघडी माती आहे. गणित सातव्या इयत्तेंतील मुलास करतां येण्याजोगें आहे. अडचण बारा कोटी घरांची.

बहुतेक संगणकभाषांत हें काम यंत्रास घोकून सांगावें लागतें: पहिली ओळ घे, तींतील पहिलें घर घे, वजाबाकी कर, भागाकार कर, पुढच्या घरावर जा, ओळ संपली काय तें पाहा. सांगणाराचें अर्धें लक्ष पिकावरून उडून ओळी मोजण्यांत जातें. परंतु भाषांचें एक कुळ असें आहे कीं, त्यांत अखंड कोष्टक हाच एक शब्द. 'अवरक्त वजा तांबडा' इतकें लिहिलें कीं घरास घर जुळवून सारी वजाबाकी होते. ह्या कुळाचा मूळपुरुष केनेथ आयव्हरसन. कॅनडांत १९२० सालीं जन्मलेल्या ह्या गृहस्थानें हार्वर्ड येथें शिकवितांना विषय नेमका मांडतां यावा म्हणून एक लेखनपद्धति रचली. १९६२ सालीं तिजवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि यंत्रावर ती कांहीं वर्षांनीं चालूं लागली. यंत्राच्या सोयीसाठीं नव्हे, तर शिकविण्याच्या गरजेंतून भाषा जन्मावी, ह्याचें आमच्यासारख्या फळ्यापुढें आयुष्य घालविलेल्या माणसास कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. तिचें नांव एपीएल. चिन्हें इतकीं चमत्कारिक कीं तिला निराळा कळफलक लागे. १९७९ सालीं आयव्हरसन यांस ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. तेव्हांच्या त्यांच्या व्याख्यानाचा विषयच मुळीं 'विचाराचें साधन म्हणून लेखनपद्धति' असा होता. पुढें १९९० च्या सुमारास त्यांनीं रॉजर हुई यांच्या साह्यानें साध्या कळफलकावर लिहितां येणारी 'जे' ही भाषा काढिली. आज आपल्या घरांतील मुलें-मुली महाविद्यालयांत पायथॉन शिकतात, तीमधील 'नमपाय' हा संग्रहही ह्याच विचारावर उभा आहे.

ज्यांनीं पाणिनि थोडासा तरी वाचला आहे त्यांस ही रीत परकी वाटूं नये. 'इक्' म्हटलें कीं इ, उ, ऋ, लृ हे चार वर्ण एकदम हातीं येतात; 'यण्' म्हटलें कीं य्, व्, र्, ल्. विजातीय स्वर पुढें आला असतां इक् च्या जागीं यण् होतो, इतकें एकच सूत्र; त्यानें इति आणि आदि यांचें इत्यादि होतें, सु आणि आगत यांचें स्वागत, पितृ आणि आज्ञा यांची पित्राज्ञा. कोणाच्या जागीं कोण, हें प्रत्येक सूत्रांत सांगत बसावें लागूं नये म्हणून पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत एक परिभाषा घालून ठेविली आहे: दोन याद्या समसंख्य असतील तर पहिल्यास पहिला, दुसऱ्यास दुसरा, ह्या क्रमानें संबंध जोडावा. एपीएलचा नियम हाच आहे. दोन याद्यांचीं घरें समसंख्य नसलीं तर यंत्र चूक दाखवून थांबतें; एकटा आंकडा मात्र सर्व घरांस लागूं पडतो. आयव्हरसन यांनीं पाणिनि पाहिला होता असें सुचविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. 'सर्व कांहीं आमच्या पूर्वजांनीं आधींच' ही हौस आम्हांस नाहीं. थोडक्यांत नेमकें बोलावयाचें ठरविलें म्हणजे दोन निरनिराळ्या काळांतील माणसें एकाच वाटेवर भेटतात, एवढेंच.

ह्या कुळांतील दुसरी युक्ति आम्हांस अधिकच आवडली. 'उत्तर ०.३ हून कमी आहे काय?' असें विचारिलें असतां प्रत्येक घरांत होकारासाठीं १ आणि नकारासाठीं ० येतो. होकार हाही आंकडाच, तेव्हां त्याची बेरीज करतां येते. एक घर शंभर चौरस मीटरांचें. शंभर घरें म्हणजे एक हेक्टर. एकांची बेरीज केली, शंभरानें भागिली, कीं किती हेक्टर शिवार विरळ पडलें तें एका ओळीच्या आज्ञेंत निघालें. ढगाखालील घरांस ० देऊन गुणिलें कीं तीं हिशेबांतून वगळतां येतात. तसेंच अखंड कोष्टक एक घर उजवीकडे सरकवून मूळ कोष्टकांतून वजा केलें असतां जेथें रंग एकाएकीं पालटतो तेवढ्याच रेघा उरतात. आमच्या तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग अशा चित्रांत ठसठशीत दिसतो. त्यासाठीं घेतलेली जमीन १२० मीटर रुंद, म्हणजे बारा घरें. दोन शेतांमधला धुरा मात्र दिसत नाहीं, कारण तो दहा मीटरांपेक्षां पुष्कळच अरुंद. अलीकडे तूर व पलीकडे सोयाबीन असेल तरच त्याची चाहूल लागते.

आणि येथेंच हा विषय यंत्रशास्त्राच्या पुस्तकांतून उठून शेतकऱ्याच्या ओसरीवर येऊन बसतो. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रांत उपग्रहचित्रांवरून पिकांचा अंदाज काढण्याचें काम चालतें. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळसंहितेंत पिकाच्या ह्या निर्देशांकास स्थान आहे. आणि २०२३ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत भात व गहू यांच्या उत्पन्नाच्या निश्चितींत तंत्राधारित अंदाजास निदान तीस टक्के वजन देण्याचें धोरण आलें. म्हणजे ह्या घरांतील आंकड्यांवर कोणाचें तरी वर्ष अवलंबून राहूं लागलें आहे.

एक एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर. फार तर सहा ओळी व सहा स्तंभ. छत्तीस घरांपैकीं कडेचीं वीस घरें शेजारच्या शेताशीं, नाल्याशीं वा बाभळींशीं मिसळण्याचा संभव. निर्भेळ अशीं सोळाच. शिवाय भर खरिपांत आषाढ-श्रावणाचे ढग बहुतेक चित्रें झांकून टाकतात. ढगांतून पार पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, पण त्यांचे आंकडे पानाच्या रंगाचे नव्हेत, त्यांचा अर्थ निराळ्या रीतीनें लावावा लागतो. ह्याहून मोठी गोष्ट अशी कीं, हिरवेपणा म्हणजे उत्पन्न नव्हे. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशी खाल्ली, तेव्हां झाडें हिरवीगार उभीं होतीं आणि बोंडें आंतून किडलीं होतीं. वरून पाहणारास तें शिवार उत्तमच दिसणार.

आणि सरासरी! ज्या भाषेंत अखंड कोष्टकाची सरासरी एका चिमुकल्या आज्ञेनें निघते, तींत सरासरीचा मोह फार. महसूल मंडळाची सरासरी समाधानकारक आली कीं नाल्याकांठचें, पाणी साचून पिवळें पडलेलें दोन एकर तींत विरघळून जातें. परंतु हा दोष भाषेचा नाहीं. गांवनकाशावरून आणखी एक समसंख्य कोष्टक करावें. त्याच्या प्रत्येक घरांत गटक्रमांक लिहावा. मग बेरीज मंडळावार न मागतां गटवार मागावी. आज्ञेंत एखाद्या शब्दाचा फरक पडतो, यंत्रास श्रम जवळजवळ तितकेच. प्रत्येक गटापुढें त्याचा निर्देशांक, ढगाखालीं गेलेलीं घरें आणि कडेचीं मिसळलेलीं घरें असे तीन आंकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले, तर ज्याचें शेत आहे तो तरी पाहून म्हणूं शकेल कीं, हें चौथें घर माझ्या पिकाचें नाहीं, तेथें माझी विहीर आहे.