विश्लेषण : मे महिन्यातच मान्सून मुंबईत, हा हवामान बदलाचा पुरावा आहे का?

नैऋत्य मोसमी वारे २०२५ मध्ये २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाले. सर्वसाधारण तारीख ११ जून, म्हणजे तब्बल १६ दिवस आधी. ‘ऋतूच बदलले’ अशी चर्चा लगेच सुरू झाली. मात्र दोनच वर्षांपूर्वी, २०२३ मध्ये, मान्सून मुंबईत २५ जूनला पोहोचला होता. एकदा घाई, एकदा उशीर. मग पुरावा नेमका कशाला म्हणायचे?

गोंधळ कुठे होतो?

इंग्रजीत ‘वेदर’ आणि ‘क्लायमेट’ असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत बोलताना दोन्हींसाठी ‘हवामान’ हाच शब्द वापरला जातो. उद्या पाऊस पडेल का, हा वेदरचा प्रश्न. एखाद्या भागात साधारणपणे किती आणि कधी पाऊस पडतो, हा क्लायमेटचा. त्यासाठी सहसा ३० वर्षांची सरासरी पाहिली जाते. एका शतकावरून किंवा एका शून्यावरून फलंदाजाची कारकीर्द ठरत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे मान्सूनची एका वर्षाची तारीख हा पुरावा ठरत नाही.

मग पुरावा कोणता?

अनेक दशकांच्या नोंदी. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. ते बाष्प कमी वेळात कोसळते.

एका घटनेबद्दल काहीच सांगता येत नाही का?

येते, पण शक्यतेच्या भाषेत. तापमानवाढ झाली नसती तर ही घटना किती वेळा घडली असती, याचे गणित शास्त्रज्ञ संगणकीय प्रारूपांवर मांडतात. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये भारत व पाकिस्तानात आलेल्या उष्णतेच्या लाटेची शक्यता हवामान बदलामुळे सुमारे ३० पटींनी वाढली होती, असा अंदाज याच पद्धतीने काढण्यात आला.

हा फरक का महत्त्वाचा?

मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाचा हिशेब धरून बांधली गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याच्या कामांना वेग आला. प्रत्येक तुंबलेल्या रस्त्याचे खापर हवामान बदलावर फोडले, तर न उपसलेल्या नाल्यांचा जाब कुणी विचारणार नाही. आणि ‘पाऊस पूर्वीही पडायचा’ म्हणत नोंदींकडे दुर्लक्ष केले, तर पुढच्या ५० वर्षांचे नाले मागच्या ५० वर्षांच्या पावसावर बांधले जातील. दोन्ही चुकांची किंमत पाण्यात उभ्या असलेल्या नागरिकालाच मोजावी लागते.