सुई आधी वैद्याच्या दंडाला

पावसाळा तोंडावर आला की माणदेशातील शेतकऱ्याची दृष्टी आभाळाकडे लागते आणि वारकऱ्याची पंढरीकडे. सांगोला हा तर पंढरपूरच्या उंबरठ्यावरचा तालुका. मिरजेहून निघणारी आगगाडी याच गावावरून पंढरपुरास जाते, आणि सांगली-कोल्हापूरकडील दिंड्याही या वाटेने चालतात. आषाढीच्या त्या दिवसांत दमट हवा, मुक्कामाची दाटी आणि अंगावर वाळणारी ओली वस्त्रे यांच्या संगतीने आणखी एक प्रवासी गावोगाव उतरतो. तो म्हणजे फ्ल्यूचा ताप. महाराष्ट्रात या तापाचा मुख्य जोर पावसाळ्यातच असतो. खोकत, कण्हत आलेला रोगी ज्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतो, तेथील डॉक्टर, परिचारिका, कंपाउंडर व सफाई कामगार यांनी दरवर्षी या तापाची लस टोचून घ्यावी काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकीय परिषदांतून चर्चिण्याचा नाही. तो तालुक्यातालुक्याचा प्रश्न आहे. आमचे उत्तर स्पष्ट आहे: त्यांनी ती घ्यावी, परंतु ती त्यांच्या हाताशी आणून देण्याचे कर्तव्य सरकारने आधी पार पाडावे.

‘फ्ल्यू’ हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की साध्या पडशालाही तो लावून मोकळे होतो. वस्तुतः हा शब्द उच्चारताना अंगावर काटा यावा, असा त्याचा इतिहास आहे. १९१८ साली ‘मानमोडी’ या नावाने हाच ताप महाराष्ट्रात थैमान घालून गेला. त्या साथीत हिंदुस्थानात किमान सव्वा कोटीच्या आसपास माणसे दगावली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ही फार जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल, तर त्याने ३ ऑगस्ट २००९ हा दिवस आठवावा. त्या दिवशी पुण्यात एका शाळकरी मुलीचा ‘स्वाइन फ्ल्यू’ने बळी गेला, आणि तो या साथीतील देशातला पहिला बळी होता. पुढे २०१५ साली एकट्या महाराष्ट्रात या रोगाने ९०५ माणसे नेली आणि २०१७ साली ७७८. ही काही पडशाची करणी नव्हे.

आता प्रश्न असा की, सर्वांआधी दवाखान्यातील माणसांनाच लस का? याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. ताप चढण्याच्या एक दिवस आधीपासूनच बाधित माणूस दुसऱ्याला रोग देऊ लागतो. कित्येकांना तर अंग मोडून येण्यापलीकडे काही होतही नाही. म्हणजे धडधाकट दिसणारी, हसतमुखाने नाडी पाहणारी परिचारिका अजाणता रोगाची वाहक ठरू शकते. तिच्या हाताखाली कोण असते? गर्भवती स्त्री असते, मधुमेही असतो, दम्याने जर्जर झालेला वृद्ध असतो, आणि सहा महिन्यांच्या आतले अर्भक असते, ज्याला ही लस देताच येत नाही. ज्या घरात बरे होण्यासाठी जावे त्याच घरातून रोग घेऊन परतावे, याइतका दैवदुर्विलास दुसरा कोणता? शिवाय मोठ्या शहरात एक डॉक्टर आजारी पडला तर दुसरा उभा राहतो. तालुक्याच्या गावी दोन परिचारिका अंथरुणाला खिळल्या तर साथीच्या ऐन भरात रुग्णसेवाच लंगडी होते.

या लशीविरुद्ध घेतले जाणारे आक्षेप आम्ही दुर्लक्षणीय मानीत नाही. ‘लस घेतली आणि तापच आला’, ही तक्रार घरोघर ऐकू येते. पण टोचावयाच्या लशीत निष्प्राण केलेल्या विषाणूचे अंश असतात; त्यांनी फ्ल्यू होणे शक्य नाही. दंड दुखतो, क्वचित दिवसभर अंग कसकसते, इतकेच. दुसरा आक्षेप असा की ही लस पूर्ण रक्षण करीत नाही. हे खरे आहे. चांगल्या वर्षीही तिचा गुण शेकडा ४० ते ६० इतकाच येतो, आणि विषाणूने रूप पालटले तर त्याहून कमी. परंतु छत्री असूनही पाय भिजतात, म्हणून पावसात कोणी छत्री घरी ठेवून निघत नाही. दरवर्षी टोचावे लागते तेही याच रूपपालटामुळे. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व सप्टेंबरात, लशीचा नवा मेळ सुचविते. कर्मचाऱ्यांना लस दिल्याने रुग्णांचे मृत्यू नेमके किती टळतात, याविषयी मात्र तज्ज्ञांत एकमत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ब्रिटनमधील वृद्धांच्या रुग्णालयांतील पाहण्यांत मृत्यू घटल्याचे आढळले. पुढील समीक्षकांनी त्या पुराव्यावर शंका घेतली. तथापि घेणाऱ्याच्या स्वतःच्या लाभाविषयी तशी शंका नाही, आणि तेवढे कारणही आमच्या मते पुरेसे आहे.

मग सक्ती करावी काय? अमेरिकेत सिॲटल येथील एका रुग्णालयाने २००५ पासून ही लस नोकरीची अटच केली. उलट कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ‘लस घ्या, नाही तर मुखपट्टी बांधा’ हा नियम लवादाने २०१५ मध्ये अवाजवी ठरविला. आमच्याकडे सरसकट बडगा उगारण्याची गरज नाही. अतिदक्षता, प्रसूती आणि नवजात शिशू यांच्या कक्षांत काम करणाऱ्यांस ती आवश्यक असावी. वैद्यकीय कारण असणाऱ्यांस सूट मिळावी, आणि जे नाकारतील त्यांना साथीपुरते अन्य काम द्यावे. इतरत्र समजुतीने घ्यावे.

पण समजूत घालणाऱ्याचे हात आधी स्वच्छ हवेत. २०१५ च्या साथीत महाराष्ट्र सरकारने गर्भवती, मधुमेही व रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना विनामूल्य लस देण्याचे धोरण आखले, हे भूषणावह होते. मात्र धोरण कागदावर असणे निराळे आणि मे महिन्यात लस तालुक्याच्या शीतपेटीत असणे निराळे. टोचल्यानंतर अंगी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. दिंड्या वाटेला लागल्यावर आलेली लस ही वरातीमागून आलेले घोडे होय. बाजारात हिची किंमत हजार रुपयांच्या पुढे जाते. गावोगाव उन्हातान्हात फिरणाऱ्या आशा सेविकेने ती मोबदल्यातून विकत घ्यावी, असे म्हणणे ही थट्टा आहे. तिला पगारी आजारपणाची रजा नाही. ताप अंगात घेऊनही ती घरोघर जाते, कारण न गेल्यास त्या दिवसाचा मोबदला बुडतो. लशीबरोबर तिला रजाही द्या. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत आणि रुग्णवाहिकेच्या चालकापर्यंत एकही नाव यादीतून गळता कामा नये.

आणि शेवटी, जबाबदारी वैद्यवर्गाचीही आहे. २०१० साली केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांसाठी १५ लाख मात्रा परदेशांतून आणविल्या, तेव्हा खुद्द कर्मचाऱ्यांतच कचराई दिसली. वैद्यच कचरला, तर रोग्याने कोणाकडे पाहावे? प्लेगने मुंबई ओस पडत असताना, १० जानेवारी १८९७ रोजी, डॉ. हाफकिन यांनी आपली नवी लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, तो त्यांनी सोसला. मग इतरांना ती देण्यास ते पुढे झाले. त्यांच्यापुढे अज्ञात धोका होता. आजच्या डॉक्टरापुढे अनेक दशकांचा अनुभव आहे. यंदाच्या मे महिन्यात सांगोल्यातील आणि जिल्ह्यातील प्रत्येक दवाखान्यात पहिली बाही तेथील सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांनी, साऱ्यांसमक्ष, वर सारावी. त्यांच्यामागे उभे राहण्यास परिचारिकांना आणि रोग्यांनाही मग कोणत्याही परिपत्रकाची गरज भासणार नाही.