गुरूहून कडक शिष्य

सन २०२० च्या साथीत आरटी-पीसीआर हा शब्द आपल्या जुन्या वाड्यांतील आजीबाईंच्याही तोंडी झाला होता. त्यातील ‘आरटी’ म्हणजे काय, हे तेव्हा फारसे कोणी विचारले नाही आणि ती वेळही तशी नव्हती. ती अक्षरे उलट्या दिशेने होणाऱ्या नकलेची आहेत. अशी नक्कल निसर्गात होते असे सांगणाऱ्या हॉवर्ड टेमिन या अमेरिकन शास्त्रज्ञाला सहा वर्षे जवळजवळ एकट्यानेच काढावी लागली. त्यांच्याविषयी गाणे शिकवणाऱ्याने का लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण पुढे येईलच.

मूळ हकीगत एका कोंबडीची आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा रस इतक्या बारीक गाळणीतून गाळला की, एकही पेशी पार जाऊ नये. तो रस निरोगी कोंबड्यांना टोचला, तर त्यांनाही तशीच गाठ आली. हे १९११ साली प्रसिद्ध झाले. विषाणूमुळे कर्करोग होतो, हे त्या काळच्या वैद्यकाला रुचले नाही. राउस यांना नोबेल मिळाले १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी!

हाच विषाणू टेमिन यांनी जन्मभर धरला. कॅलिफोर्नियात रेनाटो डुलबेको यांच्या प्रयोगशाळेत शिकत असताना, १९५८ साली, हॅरी रुबिन यांच्यासमवेत त्यांनी काचेच्या थाळीतील पेशींवर हा विषाणू सोडून बिघडलेल्या पेशींचे पुंजके मोजण्याची रीत बसवली. कोंबड्यांना गाठी येण्याची वाट पाहणे संपले. पुढे १९६० पासून विस्कॉन्सिन विद्यापीठात काम करताना एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. बिघडलेल्या पेशीचा आकार विषाणूच्या जातीवर ठरे आणि तो तिच्या पुढील पिढ्यांतही उतरे. म्हणजे पाहुणा घरच्या दप्तरातच आपले नाव लिहून बसला होता.

परंतु हा विषाणू आरएनएचा. डीएनए ही पेशीची कुलुपातली मूळ वही, आणि आरएनए हा तिच्यावरून कामापुरता उतरवलेला कागद. कागदावरून वहीत मजकूर जात नाही, असे सर्वजण मानीत. डीएनएवरून आरएनए होणे बंद पाडणारे ॲक्टिनोमायसिन हे औषध दिले की, विषाणूची पैदासही थांबते, हे टेमिन यांनी पाहिले आणि १९६४ साली म्हटले की, हा कागद वहीत उतरतो.

लोक हसले. नियम मोडतो, म्हणाले. मौज अशी की, फ्रान्सिस क्रिक यांनी १९५८ साली छापलेल्या मूळ सिद्धान्तात ही वाट बंद केलेलीच नव्हती. प्रथिनात गेलेली माहिती तेथून परत येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पाठ्यपुस्तकांनी व शिष्यमंडळींनी त्याला एकेरी रस्ता करून टाकले. आमच्या क्षेत्राला हे नवीन नाही. अमुक स्वर या रागात लागताच कामा नये, असे शिष्य ठणकावून सांगतो आणि त्याच परंपरेच्या जुन्या बंदिशीत तो स्वर सुखाने नांदत असतो! घराणी गुरूंनी घडवली. कुंपणे बहुधा शिष्यांनी घातली. आमच्या शहरात तर ही कुंपणे कुळाचारासारखी पाळली जातात आणि विचारणारे पोर उद्धट ठरते.

तथापि हसणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. विषाणूच्या आरएनएशी जुळणारा डीएनए दाखवण्याचे टेमिन यांचे प्रयोग खरोखरच दुबळे होते आणि औषधाच्या परिणामाला दुसरेही कारण असू शकत होते. टेमिन यांनी वाद घालीत बसण्यापेक्षा पुरावा शोधला, हे मला मोठे वाटते. १९७० साली सातोशी मिझुतानी यांच्यासह त्यांनी विषाणूच्या कणातच आरएनएवरून डीएनए करणारे एन्झाइम दाखवले. एमआयटीत डेव्हिड बाल्टिमोर यांना उंदराच्या विषाणूत तेच स्वतंत्रपणे सापडले होते. जूनमध्ये दोघांचे निबंध ‘नेचर’च्या एकाच अंकात आले आणि ऑगस्टमध्ये क्रिक यांनी तेथेच आपले मूळ म्हणणे पुन्हा स्पष्ट केले.

पुढे १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एड्सचा विषाणू हाती लागला, तो याच एन्झाइमच्या खुणेवरून.

नोबेल १९७५ साली टेमिन, बाल्टिमोर आणि डुलबेको यांना मिळून दिले गेले. गुरुशिष्य एका मंचावर. आणि समारंभाचा १० डिसेंबर हा टेमिन यांचा ४१ वा वाढदिवस. अप्रिय बोलण्याची सवय त्यांनी तेथेही सोडली नाही. कर्करोगावरील संशोधनाचा गौरव चालला असताना लोक सिगारेटी ओढतात, याचा संताप त्यांनी त्या प्रतिष्ठित मंडळींसमोर बोलून दाखवला. पुढे तंबाखूविरुद्ध ते सतत बोलत राहिले. ९ फेब्रुवारी १९९४ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. स्वतः त्यांनी कधी सिगारेट ओढली नव्हती.