आधी शोधलंस का?

मिनियापोलिसला नवीन आलेल्या मुलीने विचारलं, ‘थंडीत दही लागत नाही, काय करू?’ लगेच उत्तर: ‘आधी शोधायचं ना!’

अहो, शोधलं की 40-45 अंश तापमान मिळतं. ते मलाही पाठ होतं. जिवाणू वाढवणं हे तर माझं पोटापाण्याचं काम. पण ओव्हन न पेटवता आतला नुसता दिवा रात्रभर चालू ठेवायचा (जुना, तापणारा, एलईडी उपयोगाचा नाही), हे सांगितलं मंडळातल्या एका काकूंनी, फोनवर. मग अर्धा तास बोलत राहिल्या. त्या आठवड्यात माझ्याशी मराठीत बोललेलं तेवढं एकच माणूस.

उत्तर द्यायचं नसेल तर गप्प बसा. हिचा पुढचा प्रश्न दह्याचा नसेल, घरमालक डिपॉझिट परत देत नाही असा असेल. तो ती विचारणारच नाही.