महाकाय आंद्रेला कुणी उचललं?

काय दोस्तांनो, आज आई-बाबांना एक प्रश्न विचारून बघा : ‘शाळेत असताना तुम्ही कुस्तीचे पत्ते खेळायचात का?’ बघा कसा चेहरा खुलतो! उंची, वजन, छाती, बायसेप्स... एकेक आकडा पुकारायचा आणि समोरच्याचा पत्ता खेचून घ्यायचा. त्या पत्त्यांवरच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पहिलवानांसाठी आम्ही अभ्यास सोडून टीव्हीसमोर बसायचो.

परवा मोठ्या हौसेनं माझ्या सहावीतल्या भाच्याला त्यातला एक गाजलेला कार्यक्रम दाखवला. ‘रेसलमेनिया ३’! २९ मार्च १९८७ला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, पॉन्टियॅकच्या सिल्व्हरडोम स्टेडियममध्ये तो झाला. स्टेडियम एवढं अवाढव्य की पहिलवानांना छोट्या गाडीवरून रिंगपर्यंत आणत होते. प्रेक्षक किती? जाहीर झालं ९३,१७३. पुढे जाणकार पत्रकार म्हणाले, खरा आकडा ७८ हजारांच्या आसपास असावा. म्हणजे थापेबाजी रिंगच्या बाहेरच सुरू झाली होती!

मी टाळ्या पिटत होतो. भाचा मात्र गप्प.

एका मॅचमध्ये दोनशे किलोंच्या किंग काँग बंडीनं लिटल बीव्हर नावाच्या बुटक्या पहिलवानाला जमिनीवर आपटलं आणि वर कोपर हाणलं. भाच्यानं विचारलं, ‘‘मामा, इथे हसायचं असतं का?’’ मी काय सांगणार? लहानपणी मी खो खो हसलो होतो ना! मग निकोलाय व्होल्कॉफ आला. रशियाचं राष्ट्रगीत गायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या, हे त्याचं काम. खरं तर तो रशियन नव्हताच, युगोस्लाव्हियात जन्मलेला होता. पण तेव्हा अमेरिका-रशियाचं शीतयुद्ध चालू होतं. परदेशी म्हणजे दुष्ट, एवढाच धडा त्यातून मिळायचा. जेक रॉबर्ट्सबरोबरचा भला मोठा साप त्या गोंगाटात कसा राहत असेल, हाही विचार तेव्हा आमच्या मनात आला नाही.

शेवटची मॅच हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची. आंद्रेची जाहिरात होती ७ फूट ४ इंच, ५२० पौंड, म्हणजे सुमारे २३६ किलो. त्याला कधीच कुणी उचलून आपटलं नाही, असं निवेदक ठासून सांगत होते. साफ खोटं! खुद्द होगननंच १९८० साली न्यूयॉर्कमध्ये त्याला आपटलं होतं. मॅचही बरीचशी कंटाळवाणी. किती तरी वेळ आंद्रे होगनला नुसता कवळून उभा. मग एकदम होगननं त्याला उचललं, आपटलं आणि जिंकला!

‘‘सगळं ठरवलेलंच ना?’’ भाचा म्हणाला. हो, ठरवलेलंच. १९८९ साली खुद्द कंपनीनंच न्यू जर्सी राज्यात मान्य केलं, की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे.

पण एक गोष्ट त्याला सांगितली, ती तुम्हीही ऐका. आंद्रेची ती उंची म्हणजे एक आजार होता. शरीरात वाढीचं संप्रेरक जास्त तयार व्हायचं, हाडं वाढत राहायची. १९८६ साली त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती. त्या रात्री कपड्यांच्या आत त्यानं पाठीला आधाराचा पट्टा बांधला होता. एवढं वजन उचलायचं तर उचलला जाणाऱ्यानंही साथ द्यावी लागते. म्हणजे होगनला मोठं करण्यासाठी आंद्रेनं आपली दुखरी पाठ पणाला लावली. १९९३ साली तो वारला, तेव्हा अवघा ४६ वर्षांचा होता. निकाल खोटा होता, दुखणं खरं होतं.

त्याच कार्यक्रमातली रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोटची मॅच आजही बघण्यासारखी आहे. एकेक डाव आधी घोकून बसवलेला. तिथे भाच्यानंही टाळ्या वाजवल्या.

तर दोस्तांनो, जुनी आवडती गोष्ट पुन्हा बघताना लाज वाटली, तर वाटू द्या. आपण थोडे शहाणे झालो, एवढाच त्याचा अर्थ. आणि हो, गादीवर धाकट्या भावाला उचलून आपटायचा बेत असेल, तर तो इथेच रद्द करा. ती माणसं पडायचं कसं, हे वर्षानुवर्षं शिकलेली असतात. तरीही त्यांची हाडं मोडतात!